मेरू, सुमेरू आणि कैलास: पर्वत कुठे आहे आणि आपण त्याच्या कोणत्या बाजूला आहोत

थोडक्यात उत्तर आधी देते, सविस्तर नंतर. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: पुराणांतला मेरू आणि बौद्धांचा सुमेरू एकच का, कैलास म्हणजेच मेरू का, आणि ८४,००० योजनांसारखे (योजन हे अंतराचं जुनं माप) आकडे आज कसे घ्यायचे. पर्वत एकाच मुळातून आलेला आहे, पण त्याच्याभोवती उभी केलेली जगं दोन आहेत आणि त्यांतला फरक वरवरचा नाही. कैलासाचं म्हणाल तर मूळ ग्रंथ हातात घेतल्यावर उत्तर ‘नाही’ असंच येतं. आकड्यांचा हिशोब मात्र आपल्याच गणितींनी पूर्वी करून ठेवलेला आहे आणि तो मुळातून वाचण्यासारखा आहे. विष्णुपुराण आणि बौद्धांचा अभिधर्मकोश हे दोन्ही ग्रंथ मी वर्षानुवर्षं शिकवते आहे, त्यामुळे पुढचं बरंचसं त्या दोहोंच्याच आधारावर आहे.

विष्णुपुराणाच्या दुसऱ्या अंशात, दुसऱ्या अध्यायात भूगोल सुरू होतो. मधोमध जंबुद्वीप, एक लाख योजनं विस्ताराचं. त्याच्याही मधोमध सोन्याचा मेरू. तो जमिनीच्या वर ८४,००० योजनं आणि जमिनीत १६,००० योजनं रुतलेला, म्हणजे एकूण बरोबर एक लाख. माथ्याशी त्याची रुंदी ३२,००० योजनं, पायथ्याशी १६,०००. वर्गात हा आकार काढायला सांगितला की सगळे सवयीनं वर टोक असलेला त्रिकोण काढतात. आकडे पुन्हा वाचले की हात थांबतो, कारण माथा पायथ्याच्या दुप्पट रुंद आहे. असा डोंगर कुठे असतो? याचं उत्तर पुराण तिथेच देतं: पृथ्वी हे कमळ आहे आणि मेरू ही त्याची कर्णिका. कमळाच्या पाकळ्या गळून गेल्यावर मधे जे बोंड उरतं ते नीट पाहा. वरून सपाट, देठाकडे निमुळतं, सपाट भागावर बियांची घरं. मेरूचं माप या बोंडावरून घेतलेलं आहे, आणि बियांच्या घरांच्या जागी माथ्यावर देवांच्या नगरी आहेत. मधोमध ब्रह्मदेवाची १४,००० योजनांची नगरी, तिच्या आठ दिशांना इंद्रादी लोकपालांच्या.

मेरूभोवतीचा प्रदेश इलावृत. त्याला चार बाजूंनी आधार देणारे चार पर्वत: पूर्वेला मंदर, दक्षिणेला गंधमादन, पश्चिमेला विपुल, उत्तरेला सुपार्श्व. प्रत्येकावर एक महावृक्ष. गंधमादनावर जांभूळ आहे, त्याची हत्तीएवढी फळं फुटून जंबू नदी वाहते आणि द्वीपाला नाव मिळतं. जाता जाता एक घोळ दूर करते, कारण तो फार आढळतो. समुद्रमंथनात रवी झाला तो मंदर. महाभारताच्या आदिपर्वात देव अमृतासाठी खलबत करायला मेरूवर जमतात, पण उपटून समुद्रात नेतात तो मंदर. मेरू जागचा हलत नाही, आणि न हलणं हेच त्याचं मुख्य काम आहे.

विष्णूच्या पायातून निघालेली गंगा चंद्रमंडळाला भिजवून ब्रह्मदेवाच्या नगरीवर पडते आणि चार दिशांना चार धारांनी उतरते. पूर्वेला सीता, दक्षिणेला अलकनंदा, पश्चिमेला चक्षू, उत्तरेला भद्रा. दक्षिणेकडे मेरूपासून खाली येताना निषध, हेमकूट आणि हिमवान अशा तीन पर्वतरांगा लागतात. हिमवानाच्या पलीकडे, समुद्राला लागून, भारतवर्ष. आपण राहतो तो भाग म्हणजे जंबुद्वीपाची अगदी दक्षिणेकडची कड. अनेक घराण्यांच्या संकल्पात ‘मेरोर्दक्षिणे पार्श्वे’ असे शब्द येतात ते याच नकाशावरून. पूजेला बसणारा माणूस आधी आपली जागा सांगतो, आणि ती मेरूच्या संदर्भानं सांगतो.

आता त्याच पुराणाचा आठवा अध्याय. लोक दुसरा अध्याय वाचून थांबतात, पण मेरूची खरी गंमत आठव्यात आहे. तिथे म्हटलं आहे की सूर्याला मुळात उदय नाही आणि अस्तही नाही. तो कायम आहेच. ज्यांना तो दिसू लागतो त्यांच्यासाठी तो उदय, ज्यांना दिसेनासा होतो त्यांच्यासाठी अस्त. आणि पुढे एक वाक्य येतं ज्यावर मी प्रत्येक तुकडीला थांबवते: सगळ्या द्वीपांना आणि सगळ्या वर्षांना (म्हणजे भूभागांना) मेरू उत्तरेलाच आहे. शांतपणे विचार करा. पृथ्वीवर कुठेही उभं राहिलं तरी उत्तरेलाच असेल अशी जागा कोणती? एकच, उत्तर ध्रुव. पुराणकाराच्या मनात सपाट पृथ्वी आणि मधला डोंगर असं चित्र आहे. जिथे सूर्य उगवतो ती पूर्व, आणि सूर्य मेरूला उजवी घालत फिरतो, म्हणून मेरू कुणाच्याही डाव्या हाताला म्हणजे उत्तरेला. चित्र वेगळं असलं तरी मेरूला दिलेला गुणधर्म ध्रुवाचा आहे. ज्योतिषांनी नेमका हाच धागा पुढे उचलला. त्याकडे नंतर येते.

बौद्धांचा पर्वत समजून घ्यायला वसुबंधूंच्या अभिधर्मकोशाचा तिसरा भाग, लोकनिर्देश, सगळ्यांत चांगला. हा साधारण चौथ्या-पाचव्या शतकातला ग्रंथ. त्याची रचना खालून वर जाते. अवकाशात वायुमंडल, जाडी १६,००,००० योजनं. त्यावर जलमंडल ११,२०,००० योजनं, त्यातलं वरचं ३,२०,००० योजनं गोठून सोनं झालेलं, जसं तापलेल्या दुधावर साय धरते तसं (ही उपमा भाष्यातच आहे). त्या सुवर्णभूमीवर पाणी, आणि पाण्यात मधोमध सुमेरू: ८०,००० योजनं पाण्याखाली, ८०,००० वर. आकार चौरस आणि चार बाजू चार द्रव्यांच्या. उत्तर सोन्याची, पूर्व रुप्याची, दक्षिण वैडूर्याची (एक निळं रत्न), पश्चिम स्फटिकाची. आपण दक्षिणेला राहतो, म्हणून आपलं आकाश निळं: वैडूर्याचा रंग त्यावर पडतो. आकाश निळं का याचं इतकं सुंदर आणि इतकं व्यवस्थित स्पष्टीकरण मला जुन्या साहित्यात दुसरीकडे सापडलेलं नाही. ते बरोबर नाही, पण प्रश्न विचारून, आपल्याच नकाशातून, नियमाला धरून दिलेलं आहे.

सुमेरूभोवती सात चौरस पर्वतरांगा, मधे मधे समुद्र. युगंधर, ईषाधर, खदिरक, सुदर्शन, अश्वकर्ण, विनतक, निमिंधर. पहिलीची उंची ४०,००० योजनं, पुढची प्रत्येक आधीच्या निम्मी, म्हणजे सातवी ६२५. त्यानंतर खारा महासमुद्र, त्यात चार दिशांना चार द्वीपं, आणि सगळ्यांच्या कडेला चक्रवाड नावाची रांग. पूर्वेचं पूर्वविदेह अर्धचंद्रासारखं, पश्चिमेचं अपरगोदानीय गोल, उत्तरेचं उत्तरकुरू चौकोनी. दक्षिणेचं जंबुद्वीप गाड्याच्या आकाराचं: तीन बाजू प्रत्येकी २,००० योजनं आणि चौथी फक्त साडेतीन. भारताचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. उत्तरेला रुंद, दक्षिणेला टोकाशी आलेला. ज्यांनी हे लिहिलं त्यांना आपल्या भूमीचा आकार ढोबळपणे माहीत होता हे स्पष्ट आहे.

इथेच पहिला मोठा फरक. पुराणांत मेरू जंबुद्वीपाच्या पोटात आहे. बौद्धांत मेरू आणि जंबुद्वीप यांच्यामधे सात रांगा आणि त्यांच्यामधले समुद्र आहेत. बौद्धांचं जंबुद्वीप साधारणपणे पुराणांतल्या भारतवर्षाएवढं आहे. सम्राट अशोकाच्या शिलालेखात जंबुद्वीप हा शब्द येतो तोही अशाच अर्थानं, आपल्या राज्याची भूमी म्हणून. त्यामुळे पांडव महाप्रस्थानिक पर्वात हिमवान ओलांडतात, वाळूचा समुद्र पाहतात आणि पुढे त्यांना मेरू दिसतो, हे महाभारतात शक्य आहे. बौद्ध ग्रंथांत माणसानं चालत सुमेरूपर्यंत जाणं संभवतच नाही. तिथे ऋद्धी (साधनेतून आलेली अद्भुत शक्ती) लागते किंवा देवजन्म.

मूळ एकच असल्याचा पुरावाही पुराणातच शिल्लक आहे. सात द्वीपं, ऊस-मद्य-तूप-दही-दुधाचे समुद्र, नऊ वर्षं असं सगळं सांगून झाल्यावरही विष्णुपुराण म्हणतं की भारत, केतुमाल, भद्राश्व आणि कुरू ही लोकपद्माची पानं. म्हणजे चारच पाकळ्या, चार दिशांना. भीष्मपर्वातही मेरूच्या चार बाजूंना चार द्वीपं आहेत, फक्त भारताच्या जागी जंबुद्वीप हे नाव आहे. उत्तरकुरू तर दोन्ही परंपरांत त्याच नावानं उत्तरेलाच. चार पाकळ्यांचं चित्र जुनं, सात द्वीपांचं त्यावर नंतर चढलेलं, आणि बौद्धांनी जुनं चारांचं चित्रच पुढे नेलं, असं मानायला भरपूर आधार आहे. ऋग्वेदात मेरूचं नाव नाही. तैत्तिरीय आरण्यकात कश्यप नावाचा आठवा सूर्य महामेरूला कधी सोडत नाही असं येतं. म्हणजे नाव दिसू लागतं तेव्हाच ते न मावळणाऱ्या सूर्याशी जोडलेलं आहे.

सूर्याचं गणितही दोन्हीकडे सारखंच चालतं. अभिधर्मकोशात सूर्य-चंद्र सुमेरूच्या निम्म्या उंचीवर, युगंधराच्या माथ्याच्या पातळीत फिरतात. सूर्यबिंब ५१ योजनांचं, चंद्राचं ५०. आणि मग एक नेटकी ओळ येते: एकाच क्षणी एकीकडे मध्यरात्र, एकीकडे सूर्यास्त, एकीकडे माध्यान्ह, एकीकडे उदय. उत्तरकुरूत मध्यरात्र असताना पूर्वविदेहात सूर्य मावळतो, जंबुद्वीपात दुपार असते आणि गोदानीयात उजाडतं. वेळ ही जागेवर अवलंबून आहे ही कल्पना सपाट नकाशातही किती स्वच्छ मांडता येते ते इथे दिसतं.

आता दुसरा फरक, आणि माझ्या मते हाच खरा. पुराणांत मेरूचा माथा हे जगाचं मर्मस्थान आहे. तिथे ब्रह्मदेव आहे, तिथून पाणी येतं, तिथे दिशांना नावं मिळतात. बौद्धांनी तोच पर्वत ठेवला, इंद्रालाही ठेवलं, पण पर्वताचा जिना केला. खालच्या चार मजल्यांवर यक्ष आणि चार महाराज: पूर्वेला धृतराष्ट्र, दक्षिणेला विरूढक, पश्चिमेला विरूपाक्ष, उत्तरेला वैश्रवण. माथ्यावर त्रायस्त्रिंश देव, त्यांचं सुदर्शन नगर, मधे शक्राचा (इंद्राचा) वैजयंत प्रासाद, बाहेर पारिजात आणि सुधर्मा सभा. पण इंद्राच्या डोक्यावर अजून बरंच काही आहे. हवेत याम, तुषित, निर्माणरती, परनिर्मितवशवर्ती, त्यांच्या वर ध्यानाने मिळणारे रूपधातूचे (इथे धातू म्हणजे अस्तित्वाचा स्तर) लोक, आणि त्यांच्याही पलीकडे जागाच नसलेला अरूपधातू. हे सगळं मिळूनही संसारच. शक्र हे पद आहे, पुण्य संपलं की खाली उतरावं लागतं.

त्यात भर म्हणजे हा पर्वत एकटा नाही. एक सुमेरू, चार द्वीपं, एक सूर्य-चंद्र मिळून एक लोकधातू, म्हणजे एक जग. असे हजार म्हणजे साहस्र चूडिक लोकधातू, त्याची हजारपट द्विसाहस्र, तिची हजारपट त्रिसाहस्र महासाहस्र. हिशोब केला तर शंभर कोटी सुमेरू. अंगुत्तर निकाय या पाली सुत्तसंग्रहातल्या सप्तसूर्य सुत्तात तर बुद्ध आधी सिनेरूचं (पाली नाव) माप सांगतात, लांबी ८४,००० योजनं, रुंदी ८४,०००, पाण्याखाली ८४,०००, वर ८४,०००, आणि लगेच सांगतात की एक काळ असा येईल की एकामागून एक सात सूर्य उगवतील, समुद्र आटतील, आणि हा पर्वत जळताना त्याची राखसुद्धा उरणार नाही. पर्वताचा प्रचंडपणा इतक्या बारकाईनं सांगायचा तो त्याच्या नाशाचं वजन कळावं म्हणून. हिंदू प्रलयातही मेरू टिकत नाही हे खरं, पण पुराणकार त्याची मापं सांगताना मनात प्रलय धरून बसलेला नसतो. सुत्तातली मापं प्रलयासाठीच आहेत.

बुद्धचरित्रातही हा पर्वत येतो. बुद्ध त्रायस्त्रिंश लोकात जाऊन आईला अभिधम्म सांगतात आणि संकाश्य इथे जिन्यानं उतरतात. सांचीच्या उत्तर तोरणावर तो जिना कोरलेला आहे, आणि फाहियान व ह्युएन त्संग हे दोघे चिनी यात्रेकरूही उत्तर प्रदेशातल्या त्या जागी जाऊन आलेले आहेत. आई माथ्यावर आहे म्हणून बुद्ध वर गेले, पण उपदेश झाल्यावर खाली, माणसांत आले.

यातून तुम्ही न विचारलेला, पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा पुढे येतो. या विश्वात माणसाची चांगली जागा कोणती? सहज उत्तर असं की माथा, नाहीतर उत्तरकुरू. उत्तरकुरूत आयुष्य १,००० वर्षांचं, जंबुद्वीपात ते ठरलेलंही नाही. तिथे कुणी कशावर माझं-तुझं म्हणत नाही, नांगरल्याशिवाय धान्य येतं. तरीही अंगुत्तर निकायाच्या नवक निपातात बुद्ध म्हणतात की जंबुद्वीपातली माणसं तीन बाबतींत उत्तरकुरूच्या माणसांना आणि त्रायस्त्रिंश देवांनाही मागे टाकतात: शौर्य, स्मृती आणि ब्रह्मचर्यवास. आता विष्णुपुराणाचा तिसरा अध्याय उघडा. बाकीच्या भूमी भोगभूमी, भारत ही कर्मभूमी, आणि देव गाणी गातात की भारतभूमीत जन्मलेले धन्य, कारण स्वर्ग आणि मोक्ष या दोन्हींची वाट तिथूनच निघते. दोन परंपरा बाकी इतक्या गोष्टींत भांडतात, पण इथे एकमत आहे. माथा भोगाचा. करण्यासारखं जे आहे ते दक्षिणेच्या कडेला, जिथे आयुष्य अपुरं आहे आणि धान्यासाठी राबावं लागतं. मेरूचं वर्णन वाचून ज्यांना तो ‘पोहोचायचं ठिकाण’ वाटतो त्यांच्या हातून हा धागा निसटतो.

कैलासाकडे येते. तिबेटातला कैलास ६,६३८ मीटर उंच आहे. सिंधू, सतलज, ब्रह्मपुत्रा आणि कर्नाली या चार नद्या त्या परिसरात उगम पावतात, आणि हिंदू, बौद्ध, जैन, बोन (तिबेटचा स्वतःचा जुना धर्म) अशा सगळ्यांना तो पवित्र आहे. चार नद्या आणि मधे एकटं, चौफेर कातलेलं शिखर पाहून मेरू आठवावा यात नवल नाही, आणि लोकपरंपरेत ती ओळख पक्की झालेली आहे. त्या श्रद्धेबद्दल मला आदरच आहे. पण ग्रंथांत विष्णुपुराण कैलासाचं नाव मेरूपासून वेगळं, गंधमादनाबरोबर पूर्व-पश्चिम पसरलेला सीमापर्वत म्हणून घेतं. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवान ‘मेरुः शिखरिणामहम्’ म्हणतात आणि दोनच श्लोकांनंतर ‘स्थावराणां हिमालयः’. मेरू हिमालयातलं शिखर असतं तर अशी दोन वेगळी नोंद झाली नसती. अभिधर्मकोशात तर चार नद्या सुमेरूवरून निघतच नाहीत. त्या निघतात अनवतप्त सरोवरातून, आणि ते सरोवर हिमवानाच्या उत्तरेला आणि गंधमादनाच्या दक्षिणेला, म्हणजे जंबुद्वीपातच आहे. मानसरोवराला अनवतप्त मानलं तर त्याच्या उत्तरेचा कैलास हा गंधमादन ठरतो, सुमेरू नव्हे. काही भूगोलतज्ज्ञ पुराणांतल्या मेरूला पामीरच्या गाठीशी जोडतात. तिथून रांगा चारी दिशांना फुटतात आणि चक्षू म्हणजे आमू दर्या हेही जुळतं. पर्वतरांगांच्या रचनेमागे पामीरची ऐकीव माहिती असू शकेल, इतपत मी मान्य करते. ८४,००० योजनांचा पर्वत तिथे शोधू नये.

आता आकडे. अभिधर्मकोशाच्या कोष्टकाप्रमाणे ४ हात म्हणजे धनू, ५०० धनू म्हणजे क्रोश, ८ क्रोश म्हणजे योजन. हात दीड फुटाचा धरला तर योजन सुमारे सव्वासात किलोमीटरचं. मग पाण्यावरचा सुमेरू पावणेसहा लाख किलोमीटरपेक्षा उंच होतो, चंद्राच्या अंतराच्या जवळपास दीडपट. आर्यभटांनी इसवी सन ४९९ मध्ये पृथ्वीचा व्यास १,०५० योजनं दिला. त्यांचं योजन थोडं वेगळं आहे, पण नुसते आकडे शेजारी ठेवले तरी ८४,००० योजनांचा मेरू पृथ्वीच्या व्यासाच्या ८० पट होतो. आर्यभटांनी काय केलं? मेरूला नाकारलं नाही. त्याची उंची एक योजन केली, त्याला उत्तर ध्रुवावर बसवलं आणि बडवामुख, म्हणजे मेरूच्या उलट टोकाचं पाताळातलं स्थान, दक्षिण ध्रुवावर. सूर्यसिद्धांतानं मेरूला पृथ्वीच्या गोलातून आरपार घातलं, दोन्ही टोकं बाहेर, वर देव, खाली असुर. देवांचा एक दिवस म्हणजे माणसांचे सहा महिने हे जुनं वचन तिथे एकाएकी भूमितीत बसतं, कारण ध्रुवावर सूर्य खरोखरच अर्धं वर्ष क्षितिजावर राहतो.

भास्कराचार्यांनी ११५० च्या सिद्धांतशिरोमणीत, गोलाध्यायात, पर्वतामुळे रात्र होते या मताला सरळ दोन प्रश्न विचारले. ‘यदि निशाजनकः कनकाचलः’, सोन्याचा डोंगर जर रात्र करतो, तर सूर्याच्या आड आलेला तो डोंगर आपल्याला दिसत का नाही? आणि मेरू जर उत्तरेला आहे, तर वर्षाचा काही काळ सूर्य दक्षिणेकडे सरकून कसा उगवतो? दोनच प्रश्न, पण त्यांना उत्तर नाही. हे लिहिणारा माणूस श्रद्धावान होता, ग्रंथाच्या आरंभी देवाला वंदन करणारा होता. मेरूला ध्रुव म्हणून ठेवायचं आणि पडदा म्हणून काढून टाकायचं, ही निवड त्यांच्या परंपरेला पेलली. जपानमध्ये फुमोन एन्त्सू या बौद्ध भिक्षूनं १८१० मध्ये नेमकी उलट बाजू घेतली आणि सपाट जगातला शुमिसेन, म्हणजे सुमेरू, गणितानं सिद्ध करायचा प्रयत्न केला. आजचे चौदावे दलाई लामा मात्र स्पष्ट म्हणतात की अभिधर्मातलं हे विश्ववर्णन विज्ञानाशी जुळत नसेल तर सोडून द्यायला हवं. बौद्ध परंपरेतही एकच आकार कधी नव्हता. अकराव्या शतकातल्या कालचक्रतंत्रातला मेरू चौरस नाही, गोल आहे, एक लाख योजनं उंच आहे आणि वर रुंद, खाली अरुंद आहे. म्हणजे वसुबंधूंपेक्षा पुराणांच्या जवळचा.

लोकमान्य टिळकांचं नाव या विषयात येतंच. त्यांनी १९०३ मध्ये आर्यांचं मूळ ठिकाण उत्तर ध्रुवाजवळ होतं असं मांडताना मेरूवरच्या सहा महिन्यांच्या दिवसाचाही आधार घेतला. त्यांची मांडणी अभ्यासपूर्ण आहे, पण ती मला पटत नाही. ध्रुवावरचा सहामाही दिवस गोलाच्या गणितातून बसल्या जागी काढता येतो, त्यासाठी तिथे राहून आल्याची आठवण लागत नाही. मेरूच्या ग्रंथांत बर्फाळ ध्रुवाची एकही अनुभवाची खूण नाही, आहे ते सोनं, जांभूळ आणि कमळ.

जैन परंपरेचाही उल्लेख हवाच. तिथला मेरूही एक लाख योजनांचा, १,००० जमिनीत आणि ९९,००० वर, त्यावर भद्रशाल, नंदन, सौमनस आणि पांडुक अशी चार वनं. पांडुक वनातल्या शिळेवर नवजात तीर्थंकराचा इंद्राच्या हातून अभिषेक होतो. दोन सूर्य आणि दोन चंद्र त्याच्याभोवती फिरतात.

ग्रंथांबाहेर हा पर्वत पाहायचा असेल तर वास्तूंत पाहावा. वराहमिहिरांच्या बृहत्संहितेत मंदिरांच्या वीस प्रकारांतला पहिलाच मेरू: षट्कोनी, बारा मजली, चार दारांचा, ३२ हात रुंद. कंबोडियात दुसऱ्या सूर्यवर्म्यानं बाराव्या शतकात बांधलेल्या अंकोरवाटची पाच शिखरं मेरूची आणि भोवतीचा खंदक समुद्राचा असं मानलं जातं. बालीत मंदिरांवरच्या, एकावर एक छपरं चढवलेल्या मनोऱ्यांनाच मेरू म्हणतात, छपरांची संख्या विषम, जास्तीत जास्त अकरा. जावातला ३,६७६ मीटरचा ज्वालामुखी सेमेरू, आणि तिथली जुनी कथा सांगते की डुलणारं बेट स्थिर करायला देवांनी महामेरू जंबुद्वीपातून उचलून आणला. थायलंडमध्ये राजाच्या दहनासाठी उभारतात त्या मंडपाचं नाव मेरूवरूनच आहे. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये राजे भूमिबोल यांच्यासाठी तो उभारला गेला.

तिबेटी साधनेतलं मंडल-अर्पण मात्र जवळून पाहावं असं आहे. हातात तबक, ते तळव्यानं पुसून घ्यायचं, कड्यांत तांदूळ भरायचे. पहिली रास मधोमध, ती सुमेरू. मग पूर्वेला विदेह, दक्षिणेला जंबुद्वीप, पश्चिमेला गोदानीय, उत्तरेला कुरू, प्रत्येक द्वीपाच्या दोन बाजूंना दोन उपद्वीपं. पुढे रत्नं, देवी, सूर्य, चंद्र असं करत ३७ घटक पुरे होतात. सगळं विश्व असं रचून अर्पण करायचं, मग तबक स्वतःकडे कलवून तांदूळ ओतून घ्यायचे आणि पुन्हा पहिल्या राशीपासून सुरुवात. मेरू किती योजनं उंच हा प्रश्न त्या साधकापुढे नसतो, पण कोणतं द्वीप कोणत्या दिशेला हे त्याच्या बोटांना पाठ असतं.

वाचायची इच्छा असेल तर विष्णुपुराणाच्या दुसऱ्या अंशातले दुसरा, तिसरा आणि आठवा हे अध्याय सलग वाचा, मग अभिधर्मकोशाचा तिसरा भाग घ्या. अभिधर्मकोशाचा आचार्य नरेंद्रदेवांनी केलेला हिंदी अनुवाद चांगला आहे. वाचताना दोन कागद घ्या. एकावर कमळ काढा, मधे वर रुंद असलेला मेरू, दक्षिणेच्या पाकळीवर भारत. दुसऱ्यावर चौरस पर्वत, भोवती सात चौकटी, मग समुद्र, खाली गाड्याच्या आकाराचं जंबुद्वीप, आणि त्यात अनवतप्त सरोवर. दोन्ही कागदांवर स्वतःची जागा आणि कैलासाची जागा खूण करून दाखवा. पहिल्या कागदावर तुमच्यापासून मेरूपर्यंत जमिनीवरून रेघ ओढता येईल, दुसऱ्यावर ती सातदा रांग आणि पाणी ओलांडेल, आणि कैलासाची खूण दोन्हीकडे मेरूच्या बरीच अलीकडे पडेल.